मेहुण्याच्या अठराशे चौकशा

हवालदारांना या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे त्यांच्याविषयी उगाच वाईट मत नको. पाठीला आधार असलेली खुर्ची. दहा ते सहा अशी माणसासारखी वेळ. मोर्चे, सभा आणि पुढाऱ्यांच्या भेटी यांच्या बंदोबस्तातून कायमची सुटका. निवृत्तीला चार वर्षं होती, पण गुडघ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता, त्यामुळे या तीन गोष्टी त्यांच्या लेखी बढतीहून मोठ्या. बदल्यात द्यायचं काय, तर तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि उजव्या हाताचं एक बोट. ठाण्यातलं दुसरं कुणी पुढे आलं नाही. तरुणांना बाहेर हिंडायचं होतं आणि जुन्यांना कॉम्प्युटरची भीती. भीती कमी आणि गुडघेदुखी जास्त असे हवालदार एकटेच.

कॉम्प्युटरवर आलं होतं ते माहिती शोधण्याचं सॉफ्टवेअर. पूर्वी गाड्यांची माहिती एका कचेरीत, जुने गुन्हे दुसऱ्या कपाटात, भाडेकरूंचे अर्ज तिसऱ्याच माणसाच्या टेबलाखाली. आता पडद्यावर एकच चौकट. तीत नाव टाका, फोन नंबर टाका, गाडीचा अर्धामुर्धा नंबर टाका; माणूस राहतो कुठे, आधी राहायचा कुठे, कुणाशी भांडला, दंड कधी झाला, सगळं खाली ओळीने हजर. सॉफ्टवेअरला सरकारी नाव होतं, भलतंच लांब. ठाण्यात पहिल्याच आठवड्यात ते 'आत्या' झालं. सगळ्यांचं सगळं ठाऊक, विचारलं की सांगायला एका पायावर तयार, आणि कुणी काय विचारलं हे जन्मात न विसरणारी अशी बाई प्रत्येक घराण्यात एक असतेच.

आत्या बिनकामाची होती असं मात्र कुणी म्हणू नये. धडक देऊन पळालेल्या गाडीचे शेवटचे दोन आकडे आणि 'रंग हिरवट' एवढ्यावर तिने चाळीस मिनिटांत मालकाचं दार दाखवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना स्वतःचा पत्ता आठवेना. त्यांच्या खिशातल्या पावतीवर फोन नंबर होता, त्यावरून आत्याने त्यांना चहाच्या वेळेपर्यंत घरी पोचवलं. हवालदारांना हे काम मनापासून आवडायला लागलं. खुर्चीवर बसून माणूस इतका उपयोगी पडू शकतो हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच कळत होतं.

आणि हवालदार सरळ होते. साहेबांनी एकदा पुतणीसाठी सांगून आलेल्या मुलाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवलं. हवालदार म्हणाले, "साहेब, कारणाच्या रकान्यात काय लिहू? लग्न?"

साहेबांनी चिठ्ठी खिशात घातली. एका शिपायाला आपला घरमालक आणखी कुठे घरं बाळगून आहे ते हवं होतं. त्यालाही नकार. "आपण पोलीस आहोत, लोकांच्या घरात डोकावायला शेजारी नव्हे," असं हवालदार म्हणाले आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं.

पुढे मुख्यालयाला वाटलं, एवढं आणून दिलं ते वापरतात की नुसतं झाकून ठेवतात? म्हणून तक्ता निघाला. प्रत्येक ठाण्याने आत्याकडे रोज किमान तीस चौकशा करायच्या. कमी भरल्या तर ठाण्याच्या नावापुढे लाल टिंब आणि टिंबाबद्दल लेखी खुलासा. आता या ठाण्याच्या हद्दीतले लोक तसे सरळ. आळशी म्हटलं तरी चालेल. रोज तेवीस चौकशा निघायच्या, त्याही ओढूनताणून.

"सात कमी पडतात," साहेब म्हणाले. "भरून टाका की."

"कुणाच्या, साहेब?"

"कुणाच्याही. गावात माणसं काय कमी आहेत?"

दुसरा कुणी असता तर त्याने सात नट्यांची नावं टाकली असती. इथे हवालदारांचा सरळपणा आडवा आला. परक्या माणसाची माहिती विनाकारण उघडायची नाही म्हणजे नाही. स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर आत्या म्हणाली, स्वतःची चौकशी करता येत नाही. बायकोचं टाकावं, तर बायकोची चौकशी करण्याचं धाडस त्यांनी तीस वर्षांच्या संसारात केलं नव्हतं, ते आता कशाला. राहिला मेहुणा. घरचा माणूस, लपवण्यासारखं काही नाही, आणि त्याचे सगळे अर्ज दरवर्षी हवालदारच भरत असल्यामुळे जन्मतारखेपासून बसच्या परवान्यापर्यंत सगळे आकडे पाठ. एका बोटाने टंकणाऱ्याला पाठ असलेला माणूस म्हणजे वरदान.

चौकशीचं कारण यादीतून निवडावं लागे. यादीत पहिलं कारण होतं 'संशय'. त्याखाली आणखी चार. सगळ्यात शेवटी 'इतर', पण ते निवडलं की पन्नास अक्षरांचा खुलासा लिहायचा. हवालदार पहिल्यावरच एन्टर मारून मोकळे व्हायचे. रोज साडेपाच वाजले की सात वेळा: मेहुणा, संशय, एन्टर. मग डबा पिशवीत, टोपी डोक्यावर. साडेदहा महिने हे सुरळीत चाललं. ठाणं तक्त्यात वर वर चढत विभागात पहिलं आलं, आणि साहेबांना मुख्यालयाकडून प्रशस्तिपत्रक जाहीर झालं.

मेहुणा शाळेची बस चालवायचा. नऊ वर्षं एकाच रस्त्यावर. कुठल्या मुलीला वळणावर मळमळतं, कुठला मुलगा भावाशेजारी बसला की चावतो, कुणाची आई पाच मिनिटं उशिराच खाली येते, हे त्याला आत्याहून चांगलं ठाऊक होतं. दर तीन वर्षांनी त्याला पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे, तो नसेल तर शाळा गाडीला हात लावू देत नसे. या वर्षी दाखल्याची पाळी होती. सुट्टी संपून शाळा उघडायला तेरा दिवस उरले असताना, मंगळवारी, त्याचा अर्ज हवालदारांच्याच टेबलावर आला.

हवालदारांनी हसत हसत नाव टाकलं. पडद्यावर वरून खालपर्यंत एक नारिंगी पट्टी उतरली. 'लक्ष ठेवण्याजोगी व्यक्ती. पोलीस चौकशा: १,८४६. कारण: संशय. दाखला ठाण्याच्या पातळीवर देऊ नये.'

मंजुरीचं बटण राखाडी होऊन मेल्यासारखं पडलं होतं. हवालदारांनी ते तीन-चारदा दाबलं. मग चुकून दुसरंच कुणी आलं असेल म्हणून नाव पुन्हा टाकलं. पट्टी तीच, आकडा १,८४७. जन्मतारीख घालून पाहिलं. १,८४८. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कीबोर्डवरून हात असा काढून घेतला जणू तवाच होता तो.

आत्याचा हिशेब साधा होता. ज्याची पोलीस इतक्यांदा चौकशी करतात तो माणूस काय साधा असेल? आग नाही तर धूर कशाला? पण धूर काढणारे हेच, हे तिला कोण सांगणार.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. "दाजी, माझ्या दाखल्याचं झालं ना? शाळेतल्या बाई विचारत होत्या."

"होईल. दोन दिवस थांब."

"दर वेळी तुम्ही हातात घेऊनच येता की."

"या वेळी कॉम्प्युटरवर आहे."

"म्हणजे लवकर व्हायला हवं."

याच्यावर हवालदारांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. बायको भाकरी थापता थापता मान वळवून त्यांच्याकडे बघत होती, आणि तीस वर्षांत तिचं बघणं फुकट गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना खरं काय ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. चेहऱ्यावर काळजी दिसत होती, पण ती मेहुण्याची नव्हती.

"म्हणजे दिवसाच्या तिसांतल्या सात चौकशा खोट्या?"

"तुम्हीच म्हणालात, भरून टाका."

"मी म्हणालो 'भरा'. एकाच माणसाला भरा असं म्हणालो का?" साहेबांनी खुर्ची मागे घेतली. "हे बघा, हे असं लिहून पाठवलं तर प्रशस्तिपत्रक कुठल्या तोंडाने घेऊ? त्यापेक्षा लिहा की चौकशी पूर्ण झाली, निष्पन्न काही नाही. खोटंही नाही त्यात."

हवालदारांनी पटवून घेतलं. पटवून घेण्यात त्यांचाही वाटा होता, कारण खरं लिहिलं तर खुर्ची जाणार हे त्यांना साहेबांहून आधी कळलं होतं. पत्र गेलं.

शनिवारी मुख्यालयातून फोन आला. तिथे आत्याचं खातं सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, आवाजाने अतिशय नम्र.

"हवालदार, तुमचं पत्र मिळालं. निष्पन्न काही नाही म्हणता?"

"काहीच नाही, मॅडम. भला माणूस आहे."

"मग अठराशे वेळा का शोधलंत?"

"काही सापडतं का बघत होतो."

"आणि सापडलं नाही म्हणून पुन्हा बघितलंत. रोज. सात वेळा. यावरून संशय कमी होतो की वाढतो, तुम्हीच सांगा. थांबा, मी इथून उघडून बघते."

"मॅडम, नका उघडू," हवालदार म्हणाले, पण तोवर तिकडे कळ दाबल्याचा आवाज आला होता.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "आता लाल झालं."

दोन वेगवेगळ्या कार्यालयांनी एकाच माणसात रस घेतला की नारिंगीचं लाल व्हायचं, असा आत्यामध्ये नियम होता. बाईंनी तो समजावूनही सांगितला, अगदी सावकाश. लाल झालं की परत खाली आणायचं बटण त्यांच्याकडेही नव्हतं. ज्याने चौकशा केल्या त्यानेच त्या का केल्या ते लेखी द्यायला हवं. "काही कारण असेल तर लिहा. खरं काय ते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हवालदारांनी 'लिहितो' म्हटलं आणि सोमवार, मंगळवार, बुधवार लिहिलं नाही. रोज सकाळी कागद काढायचे, वर तारीख घालायचे आणि साडेपाचला फाडायचे.

या तीन दिवसांत मेहुण्याला रस्त्यात तीनदा थांबवलं. चौकातल्या कॅमेऱ्यांना गाड्यांचे नंबर वाचता येत, आणि लाल माणसाची स्कूटर दिसली की ते पुढच्या नाक्याला कळवत. पहिल्यांदा डिकी उघडून बघितली. दुसऱ्यांदा सीटसुद्धा. तिसऱ्यांदा तो शाळेत बस धुवायला निघाला होता, तर फाटकासमोरच अडवलं. आत मुख्याध्यापिका व्हरांड्यात उभ्या. नाक्यावरचा पोलीस बिचारा भला होता. कागद परत देताना हळूच म्हणाला, "तुम्ही केलंय काय, मला माहीत नाही. पण तुमच्या घराजवळच्या ठाण्यात कुणीतरी वर्षभर तुमच्या मागे हात धुऊन लागलंय."

मेहुणा तिथून थेट बहिणीकडे गेला. हवालदार साडेसहाला घरी पोचले तेव्हा दोघं भाऊबहीण समोरच बसली होती, कोर्टातल्या न्यायाधीशांसारखी.

"अहो," बायको म्हणाली, "ठाण्यात माझ्या भावाच्या मागे कोण लागलंय?"

हवालदारांनी बूट काढायला वाकण्याचं निमित्त केलं. गुडघ्यांमुळे वाकायला वेळ लागायचा, तो आज त्यांनी पुरता वापरला. मग वाकल्या वाकल्याच सगळं सांगितलं.

मेहुण्याला आधी हसू आलं. "सात वेळा? रोज?"

"रविवार सोडून."

"संशय म्हणून?"

"ते यादीत पहिलं होतं."

"दाजी, खाली काय काय होतं?"

"हरवलेली व्यक्ती. साक्षीदार. वाहन." हवालदारांना सगळी यादी पाठ होती, हेच वाईट.

"मग साक्षीदार तरी करायचं होतंत मला," मेहुणा म्हणाला, आणि त्याचं हसू गेलं. "मुख्याध्यापिका बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलल्या नाहीत."

"लोकांच्या घरात डोकावायला आपण शेजारी नव्हे," बायको म्हणाली. "हेच ना ते वाक्य? माझ्या माहेरचं घर तेवढं मोकळं सापडलं."

"अगं, परक्याचं नको म्हणून तर..."

"परक्याचं नको म्हणून आपल्याचं वाटोळं. तुमच्या भावाचं नाव नाही सुचलं ते?"

हवालदारांच्या भावाची जन्मतारीख त्यांना पाठ नव्हती, हे खरं कारण होतं, पण ते सांगण्याइतके ते खुळे नव्हते.

"ताई, जाऊ दे," मेहुणा म्हणाला. "दाजी, मला एवढंच सांगा. सोमवारी शाळा उघडते. दाखला मिळेल?"

"लिहून देतो. उद्या."

गुरुवारी हवालदारांनी लिहिलं. एका बोटाने नव्हे, पेनाने, चार ओळी: रोजचा आकडा भरावा म्हणून मी या चौकशा केल्या, संशय कधीच नव्हता, माणूस निर्दोष आहे. साहेबांनी वाचलं आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"पुढच्या बुधवारी माझी बदली आहे. गुरुवारी पाठवा. सात दिवसांनी काय आभाळ कोसळतं?"

"सोमवारी शाळा आहे, साहेब."

"दुसरा ड्रायव्हर घेतील चार दिवस."

"घेतील. मग चार दिवसांनी त्याला काढतील का?"

साहेबांनी कागदावर हात ठेवला आणि तो उचलला नाही. हवालदार टेबलावर परत आले, आठवत होतं तसं तेच पुन्हा लिहिलं, आणि शुक्रवारी सकाळी स्वतः बसने मुख्यालयात जाऊन त्या नम्र बाईंच्या हातात दिलं. सव्वीस वर्षांत वरिष्ठांना ओलांडून त्यांनी टाकलेलं हे पहिलं पाऊल, आणि तेही तिसऱ्या मजल्यापर्यंत, लिफ्ट बंद असताना.

बाईंनी वाचलं. मग चष्मा काढला.

"हे शनिवारीच का नाही सांगितलंत? लाल झालं त्याच दिवशी बदलायला घेतलं असतं तर आज संपत आलं असतं."

"आता किती लागतील?"

"चौकशा पुसता येत नाहीत. प्रत्येक चौकशी उघडून तिचं कारण 'संशय' काढून 'इतर' करायचं, खुलाशासकट. ज्याने केली त्यानेच. किती आहेत बघू का?"

"नका बघू," हवालदार म्हणाले. "मला माहीत आहेत."

त्यांनी त्याच दुपारपासून सुरुवात केली. एक चौकशी उघडायची, बाणाने शेवटच्या कारणावर जायचं, पन्नास अक्षरांचा खुलासा लिहायचा, एन्टर. एका बोटाने तासाला वीस-पंचवीस. शनिवार-रविवारीही ते बसले. बायकोने रविवारी दुपारी डबा पाठवला, मेहुण्याच्याच हाती. तो शेजारी स्टूल घेऊन बसला आणि खुलासा वाचून दाखवायला लागला, म्हणजे दाजींची नजर पडद्यावरून हलायला नको. "आकडा भरण्यासाठी केलेली चौकशी, संशय नव्हता, माणूस निर्दोष आहे," असं त्याने त्या दिवशी स्वतःबद्दल पावणेदोनशे वेळा मोठ्याने वाचलं. शेवटी शेवटी त्याचा स्वर पाढे म्हणणाऱ्या मुलासारखा झाला होता.

सोमवारी सकाळी शाळा उघडली तेव्हा बाराशे चौतीस बाकी होत्या.

शाळेने दुसरा ड्रायव्हर घेतला. मुख्याध्यापिकांनी मेहुण्याला फोन करून सांगितलं, फार चांगल्या शब्दांत, आणि 'सध्या' हा शब्द तीनदा वापरला. दाखला तिसऱ्या आठवड्यात आला, पडदा स्वच्छ, पट्टी नाही. तोवर नव्या ड्रायव्हरला मळमळणारी मुलगी कुठे बसते ते कळलं होतं, आणि पालकांच्या सभेत कुणीतरी विचारलं होतं की जुना ड्रायव्हर पोलिसांच्या लाल यादीत नक्की कशाबद्दल होता. सभेत याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. ज्यांना उत्तर ठाऊक होतं ते हवालदार आता खुर्ची जाऊन ठाण्याच्या फाटकावर पहाऱ्याला उभे होते.

तर आता या सगळ्याची किंमत कुणी काय भरली ते.

साहेबांनी काही भरलं नाही. बदली वेळेवर झाली, प्रशस्तिपत्रक काचेत बसवून नव्या कचेरीत गेलं. मुख्यालयानेही काही भरलं नाही. उलट आत्याच्या लेखी दुरुस्ती म्हणजेही वापरच, त्यामुळे अठराशे दुरुस्त्यांच्या जोरावर ठाणं त्या महिन्यात विभागात पुन्हा पहिलं आलं, आणि नव्या साहेबांना विचारणा झाली की हे कसं साधलंत, इतर ठाण्यांना मार्गदर्शन कराल का. रोजचा आकडा तीसचा पस्तीस झाला. हवालदारांनी खुर्ची भरली. बायकोने तीन आठवड्यांचा अबोला भरला, जो तिला नवऱ्यापेक्षा जड गेला असं तिच्या भावाचं मत आहे.

बाकी सगळं मेहुण्याच्या नावावर. त्याला दुसऱ्या शाळेची बस मिळाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रस्ता नवा, मुलं नवी, नऊ वर्षं मागे राहिली. बस तो पूर्वीसारखीच चालवतो, फक्त मागून पोलिसांची गाडी येताना दिसली की आपणहून कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि कागद हातात धरून बसतो. गाडी न थांबता पुढे निघून जाते. तो तरी मिनिटभर थांबतो, मग निघतो. मुलांना शाळेत पोचायला हल्ली थोडा उशीर होतो, म्हणजे तेवढं मुलंही भरतात.